ड्रमला पुरून उरेल का? गिटारच्या १२ वॉटांच्या ट्यूब अ‍ॅम्पच्या नोंदी

६ जानेवारी

काल अ‍ॅम्प पहिल्यांदाच घराबाहेर काढला आणि बँडच्या सरावाला नेला. घरी हाच अ‍ॅम्प खिडक्या थरथरवतो. तिथे पहिल्या कडव्यातच ड्रमने त्याला गिळून टाकलं. व्हॉल्यूम चारवर, मग सहावर, नऊवर, शेवटी बारावर नेला. चारच्या पुढे आवाज वाढलाच नाही, नुसता फाटत गेला. फाटणंही गोड नव्हतं, ओल्या पुठ्ठ्यावर थापा माराव्यात तसं भदभद. गाणं संपल्यावर ड्रमर म्हणाला, "अरे, तू वाजवत होतास होय? मला वाटलं अजून ट्यूनच करतोयस."

गेल्या वर्षी अ‍ॅम्प बांधताना नोंदी ठेवल्या नव्हत्या. ती चूक या वेळी नको, म्हणून आधी त्याची कुंडली मांडून ठेवतो. सर्किट फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या ट्वीड डिलक्स या मॉडेलचं, म्हणजे ५ई३. पुढे १२एवाय७ ही ट्यूब, म्हणजे सिग्नल मोठा करणारी निर्वात काचनळी. मग १२एएक्स७, तिची अर्धी बाजू गेनसाठी, म्हणजे सिग्नल वाढवण्यासाठी, आणि अर्धी सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करण्यासाठी. शेवटी पुश-पुल जोडीत, म्हणजे लाटेची एकेक बाजू उचलणाऱ्या, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, दोघींच्या कॅथोडना (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकांना) मिळून २५० ओहमचा एकच रेझिस्टर. रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी ट्यूब, ५वाय३. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही. मागून उघड्या पेटीत १२ इंची, ८ ओहमचा एक स्पीकर. एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारे कपलिंग कपॅसिटर एका जुन्या रेडिओतून काढलेले. त्या काळात 'जुन्या मालाचा टोन' या शब्दांची भुरळ पडली होती, त्याचा हा परिणाम.

९ जानेवारी

पहिला अंदाज: गेन कमी पडतोय. १२एवाय७ काढून त्याच सॉकेटमध्ये १२एएक्स७ बसवली. पहिलीचा वर्धनांक चाळिशीच्या आसपास, दुसरीचा १००. पिनांची मांडणी तीच, त्यामुळे दोन मिनिटांचं काम. (तापलेली ट्यूब बोटांनी धरू नये हे मला माहीत आहे. तरीही धरली.)

आता अडीचवरच फाटायला लागतो. सर्वांत मोठा आवाज मात्र होता तेवढाच. विचार केल्यावर स्वतःचंच हसू आलं. गेन वाढवला म्हणजे उडी मोठी झाली, छत होतं तिथेच राहिलं. डोकं फक्त लवकर आपटतं. छताची उंची ठरते पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि सप्लायवर. १२एवाय७ परत जागेवर.

जाता जाता व्हॉल्यूमचं पॉटही, म्हणजे बटणामागचा बदलता रेझिस्टरही, मोजलं. चुकून लिनियर (समान प्रमाणात वाढणारं) बसवलं असतं तर तीन-चारवरच सगळा आवाज येऊन गेला असता. १ मेगओहमचं आहे, मध्यावर १२० किलोओहम दाखवतं, म्हणजे लॉगच (कानाच्या हिशेबाने वाढणारं) आहे. तिथे गडबड नाही.

१३ जानेवारी

कानाने पुरेसं झालं, आता मोजमाप. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा, ५० वॉटांचा रेझिस्टर. इनपुटला १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, आउटपुटला स्कोप, म्हणजे लाटेचं चित्र दाखवणारं यंत्र.

आधी स्वतःसाठीच चार ओळी लिहून ठेवतो, कारण घाईत मीच विसरणार. आत ३५० व्होल्ट आहेत आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते राहतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच हात घालायचा. चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात. आणि ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय कधीही वाजवायचा नाही, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज भलतंच उसळतं आणि इन्सुलेशन फुटू शकतं.

निकाल: लाटेचा माथा चपटा होऊ लागतो तेव्हा लोडवर ६.४ व्होल्ट आरएमएस (लाटेचं परिणामी व्होल्टेज). वर्ग करून ८ ने भागलं की ५.१ वॉट. जुन्या आरसीए ट्यूब मॅन्युअलमध्ये २८५ व्होल्टवर ६व्ही६ च्या जोडीला १४ वॉट दिले आहेत. तो आकडा फिक्स्ड बायसचा, म्हणजे ट्यूबचा बसल्या जागचा करंट वेगळ्या ठराविक व्होल्टेजने बांधलेला असतो तेव्हाचा. तो कॅथोडच्या रेझिस्टरनेच बांधणाऱ्या, कॅथोड बायसच्या माझ्या सर्किटमधून १२ तरी निघायला हवेत. निम्मेसुद्धा निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट. लाट दोन्हीकडून सारखी कापली जात नाही. खालची बाजू आधी चपटी होते, वरची अजून गोल असते. म्हणजे जोडीतली एक ट्यूब दमलीय, किंवा तिला कुणीतरी दमवतंय.

१४ जानेवारी

आज दिवसभर हेच. दोन्ही ६व्ही६ ची अदलाबदल केली. ट्यूब खराब असती तर दोष तिच्याबरोबर दुसऱ्या सॉकेटमध्ये गेला असता. तो गेला नाही, सॉकेटलाच चिकटून राहिला. ट्यूब निर्दोष.

बांधताना एक शहाणपण मात्र केलं होतं: प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला होता. त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच त्या ट्यूबचे मिलिअँपिअर. एकीत ५०, दुसरीत २६. एकाच संसारात इतकी विषमता! खोलीतला दिवा मालवून पाहिलं, तर ५० वाल्या ट्यूबच्या काळ्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्यावर) पुसट लाल डाग. हिशेब केला: स्क्रीन नावाच्या आतल्या जाळीचे अडीच वजा करून ४७.५ मिलिअँपिअर, गुणिले प्लेट ते कॅथोड ३३० व्होल्ट, म्हणजे जवळपास १५.७ वॉट. ६व्ही६ च्या प्लेटची जुन्या पुस्तकांतली मर्यादा १२ वॉट.

मग त्याच ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल शिरतो त्या जाळीवर, मीटर ठेवला. तिथे डीसी शून्य हवं. निघाले अधिक ६ व्होल्ट. ग्रिडवर बाहेरून व्होल्टेज येऊ शकतं ते कपलिंग कपॅसिटरमधूनच. त्याचं काम सिग्नल जाऊ द्यायचा आणि अलीकडच्या प्लेटवरचे २०० व्होल्ट अडवायचे. ग्रिडपासून जमिनीला २२० किलोओहम आहेत. त्यावर ६ व्होल्ट पडतात म्हणजे २७ मायक्रोअँपिअर झिरपतायत, म्हणजे अगदी अभेद्य असायला हव्या त्या कपॅसिटरचा रोध सात मेगओहमच्या आसपास उरलाय. खात्रीसाठी त्याचा ग्रिडकडचा पाय डागातून सोडवला आणि सुट्या पायावर मीटर लावला. ११६ व्होल्ट. माझ्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम आहे, तो धरला की गणित चोख जुळतं.

दोन्ही ट्यूबना कॅथोड रेझिस्टर एकच असल्यामुळे एकीने जास्त करंट ओढला की कॅथोडचं व्होल्टेज चढतं आणि दुसरी आणखी थंड होते. एक जळतेय, दुसरी गारठलीय, आणि दोघींनी मिळून सिग्नल उचलायचा. भदभद होणारच.

रेडिओतले चारही कपॅसिटर काढून टाकले. दुसऱ्या बाजूचा अजून गळत नव्हता, पण त्याच्यावर जेमतेम ५० व्होल्टच असतात. वयाने तोही तेवढाच म्हातारा. नवे साधे पॉलिप्रॉपिलीनचे, ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे.

१७ जानेवारी

नव्या कपॅसिटरनंतर: ग्रिडवर शून्य. ३९ आणि ३७ मिलिअँपिअर. कॅथोडवर १९ व्होल्ट. प्लेटचा ताप बरोबर १२ वॉटांच्या रेषेवर, लाल डाग गायब. लाट दोन्हीकडून एकदम चपटी होते, ९.८ व्होल्ट आरएमएसला. म्हणजे १२ वॉट.

आनंद होता होता डेसिबल काढले. ५.१ वरून १२ वॉट म्हणजे ३.७ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० लागतात.

टोन मात्र साफ बदलला. तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि चारच्या पुढे आवाज फाटताना त्याला आता दाणा आहे. 'जुन्या मालाचा टोन' म्हणून मी वर्षभर जे कौतुकाने ऐकत होतो ती गळती होती. हे बँडमध्ये कुणाला सांगणार नाही.

२० जानेवारी

दुसरा सराव. हळू वाजवण्याच्या जागी झकास. ड्रमर मोकळा सुटला की मी पुन्हा गायब. व्हॉल्यूम साडेपाचच्या पुढे नेला की अ‍ॅम्प फाटतो, पुढे येत नाही. मला साफ सूर हवाय, कडेला किंचित खरखर असलेला. तो या अ‍ॅम्पमध्ये तिसऱ्या-चौथ्या आकड्यावर आहे, आणि तिथे आवाज पुरत नाही.

२४ जानेवारी

रेक्टिफायर बदलून पाहिला. ५वाय३ स्वतःच बरेच व्होल्ट खातो, जीझेड३४ फार कमी. सॉकेट तेच, फिलामेंटही ५ व्होल्टचंच. प्लेटचं व्होल्टेज ३४९ वरून ३७८ वर गेलं. आउटपुट १०.६ व्होल्ट, म्हणजे १४ वॉट.

दोन वॉट वाढले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी दोन आकडे: वाढ ०.७ डेसिबल, डोळे मिटून ओळखूही येणार नाही. आणि कॅथोडवर आता २२ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक ट्यूबमध्ये ४४ मिलिअँपिअर आणि प्लेटचा ताप १४.६ वॉट. न ऐकू येणाऱ्या फायद्यासाठी ट्यूबचं आयुष्य जाळायचं. शिवाय जोरात छेडल्यावर ५वाय३ मुळे सप्लाय किंचित बसतो आणि हळूच उठतो. सुराला त्यातून येणारा लवचिकपणा गेला, आवाज ताठ झाला. कुणाला तो आवडेलही. मी ५वाय३ परत लावला.

२८ जानेवारी

आज काहीही डागलं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल. म्हणजे १२ च्या जागी २५ वॉटांचा अ‍ॅम्प बांधला, मोठे ट्रान्सफॉर्मर घेतले, वजन वाढवलं, तरी हाती लागणार ३. आणि इतके दिवस मी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्या स्पीकरच्या कागदावर लिहिलंय: १ वॉट, १ मीटर, ९५ डेसिबल, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर एवढा आवाज. १२ इंची गिटार स्पीकर १०० चेही मिळतात. सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरवर १००च लिहिलेले असतात, तिच्याच ग्रीनबॅकवर ९८. ९५ वरून १०० म्हणजे ५ डेसिबल, म्हणजेच ३.१६ पट पॉवर. माझे १२ वॉट ऐकणाऱ्याला ३८ वॉटांसारखे वाटणार, एकाही व्होल्टला हात न लावता. पहिल्या दिवशी मोजायला हवी होती ती गोष्ट तेविसाव्या दिवशी मोजतोय.

दुसरा तसाच स्पीकर जोडायचा पर्यायही आहे. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले तर खालच्या पट्टीत ३ डेसिबलपर्यंत मिळतात, आणि ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४ ओहम, माझ्या ट्रान्सफॉर्मरला ती टॅप (जोडणी) आहे. पण पेटी दुप्पट आणि पाठ एकच. नको.

घेताना एक लक्षात ठेवायचं: १२ वॉट हा साफ लाटेचा आकडा आहे. पूर्ण फाटलेली लाट चौकोनी होत जाते आणि तिची पॉवर सैद्धांतिक हिशेबाने दुपटीपर्यंत जाते. १५ वॉटांचा स्पीकर लावून निर्धास्त राहता येणार नाही. तीसच्या पुढचाच बघायचा.

३ फेब्रुवारी

बेसवाल्याकडून १०० डेसिबलचा स्पीकर उसना आणला. चुंबक एवढा जड की पेटी पुढे झुकते. आठ स्क्रू, दोन वायरी, वीस मिनिटं.

पहिला स्वर छेडला आणि मीच दचकलो. फोनमधल्या आवाजमापीचे आकडे खरे धरू नयेत, पण तोच फोन त्याच जागी ठेवून तुलना चालते: आधीपेक्षा ४ ते ५ जास्त. आठवडाभर सोल्डरच्या धुरात डोळे चोळून ३.७ कमावले होते, त्याहून जास्त एका पेचकसाने दिले.

आता तक्रार. वरचा भाग टोचतो. समोर उभं राहिलं तर पातळ तारा कानात सुईसारख्या जातात, बाजूला सरकलं की तोच आवाज मऊ, जवळजवळ झाकलेला. हे स्पीकरच्या आकाराचंच गणित आहे. कागदाच्या कोनचा हलणारा व्यास साधारण २६ सेंटिमीटर, आणि हवेत १३०० हर्ट्झची तरंगलांबीही तेवढीच. त्याच्या वरचे सूर पसरत नाहीत, टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. मी अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून त्याच्याजवळ उभा राहतो. झोत माझ्या पोटऱ्यांना लागतो आणि मला वाटतं ट्रेबल कमी आहे. म्हणून मी टोन वाढवतो. समोरचे बिचारे सोसतात.

अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवला आणि मागे रेलवला. झोत थेट माझ्या तोंडावर. टोन आठवरून चारवर आपोआप आला. जमिनीमुळे फुगणारा खर्जही उतरला.

७ फेब्रुवारी

खर्जाचा विषय निघालाच आहे तर. घरी मी अ‍ॅम्प हळू वाजवून टोन लावतो, आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख छापले: आवाज लहान असताना खालचे सूर ऐकू यायला त्यांना बराच जास्त जोर लागतो, आवाज मोठा झाला की ही तफावत कमी होते. मग माझी घरची 'भरदार' सेटिंग सरावाच्या आवाजात काय होणार? चिखल. वर तिथे बेस गिटार आणि ड्रमचा किक त्याच जागेत बसलेले. आणि १२ वॉटांतला मोठा हिस्सा जातो तो खर्ज ढकलण्यातच, जो कुणाला वेगळा ऐकूच येत नाही.

म्हणून खर्ज कापायचा. आधी पहिल्या स्टेजनंतरचा कपॅसिटर ०.१ चा ०.०२२ केला. फरक शून्य. मग गणित केलं (नेहमीप्रमाणे नंतर): १ मेगओहमच्या पॉटबरोबर त्याची सीमा १.६ हर्ट्झवरून ७ हर्ट्झवर गेली. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर. म्हणजे ज्या गल्लीत कुणी राहतच नाही तिथे मी पहारा बसवला होता.

खरी किल्ली दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडवर. तिथे १५०० ओहमला समांतर २५ मायक्रोफॅरड आहेत, त्यामुळे सगळ्याच सुरांना जवळपास ६ डेसिबलचा जादा गेन मिळतो. २५ च्या जागी १ मायक्रोफॅरड लावला. आता १०० हर्ट्झच्या आसपास ती वाढ सुरू होते आणि २०० च्या वर हळूहळू पूर्ण मिळते. खालचे सूर राहतात, फक्त त्यांचा जादा खुराक बंद.

घरी एकट्याने वाजवताना आवाज थोडा रोड वाटला. हात शिवशिवत होते २५ परत लावायला. सराव होईपर्यंत थांबायचं असं या वहीत लिहून ठेवतो, म्हणजे मोडवणार नाही.

११ फेब्रुवारी

तिसरा सराव. अ‍ॅम्प खुर्चीवर, रेललेला, ड्रमच्या बाजूला नाही तर समोर. व्हॉल्यूम साडेचार, टोन चार. ५ई३ मध्ये न वापरलेल्या वाहिनीचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्या वाहिनीचा आवाज बदलतो, तो दोनवर ठेवल्यावर सूर किंचित सुटसुटीत झाला.

घरी रोड वाटलेला आवाज बेस गिटारच्या डोक्यावर अगदी चपखल बसला. खालचा मजला बेसवाल्याचा, वरचा माझा. साध्या जागी गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवला की सूर साफ, सोलोला दहावर नेला की कडा फाटतात. पायाखालचं एकही पेडल दाबलं नाही. तिसऱ्या गाण्यात ड्रमर काठ्या थांबवून म्हणाला, "जरा कमी कर की."

मी केला नाही. पुढच्या गाण्याला केला.

१५ फेब्रुवारी

उरलेली कामं. उसना स्पीकर परत द्यायचाय, स्वतःचा घ्यायचाय. ९८ चा की १०० चा हे ठरत नाही. ९८ च्या मधल्या सुरांवर मन आहे, पण ते २ डेसिबल सोडवत नाहीत. जोरात तोडून वाजवल्यावर पॉवर ट्यूबच्या ग्रिडचा ०.१ चा कपॅसिटर भरून बसतो आणि आवाज क्षणभर गुदमरतो, तिथे ०.०४७ लावून बघायचा. मागच्या फळीचा एक स्क्रू नेमक्या ए च्या स्वराला खुळखुळतो. आणि घरी आता एकवरसुद्धा आवाज जास्तच होतोय.